अकबराचा खुशबूखाना

मुलांनो, ईदच्या सकाळी तुम्ही नवे कपडे घालता आणि कानात अत्तराचा फाया ठेवता. ईद चांद्र महिन्यांप्रमाणे येते, म्हणून ती कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत. तुम्ही नीट पाहिले असेल, तर अत्तरवाला दर वेळी एकच कुपी पुढे करत नाही. उन्हाळा असला तर तो खस, गुलाब किंवा मोगरा दाखवतो. थंडी असली तर हिना, ऊद, अंबर काढतो. खस आणि चंदन थंड, ऊद आणि अंबर गरम, असे हकीमसाहेबही सांगतात.

ऋतू पाहून सुगंध निवडण्याची ही रीत जुनी आहे. आपल्या देशात एका बादशहाने ती मोठ्या हौसेने पाळली. त्याच्या हुकमावरून तिची लेखी नोंदही झाली. तो बादशहा म्हणजे अकबर. त्याच्या लढाया तुम्ही इतिहासात वाचल्या आहेत आणि बिरबलाच्या गोष्टी तर तुम्हांला पाठच असतील. आज त्याच्या आवडीच्या सुगंधांवरून त्याची ओळख करून घेऊ.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ रोजी सिंधमधील उमरकोट येथे झाला. त्या वेळी त्याचे वडील हुमायून यांच्याजवळ राज्य उरले नव्हते. शेरशाहने त्यांना हरवले होते आणि ते वाळवंटातून आसरा शोधत फिरत होते. उमरकोटच्या राण्याने त्यांना आसरा दिला. मुलगा झाला तेव्हा हुमायून शहरापासून दूर तळ ठोकून होते. तेथे एका सरदाराने ही आनंदाची बातमी आणली. बादशहाला मुलगा झाला म्हणजे सरदारांना खिलती द्यायच्या, मोहरा वाटायच्या. पण वाटायला जवळ होते काय? हुमायूनचा एक नोकर होता, जौहर आफताबची. आफताबची म्हणजे हातावर पाणी घालणारा. त्याच्याजवळ काही नाणी, एक चांदीचे कडे आणि कस्तुरीची एक पिशवी ठेवायला दिलेली होती. हुमायूनने नाणी आणि कडे ज्यांचे होते त्यांना परत करायला लावले. मग कस्तुरीची पिशवी एका चिनी मातीच्या भांड्यात फोडली आणि चिमूटचिमूट कस्तुरी सर्व सरदारांना वाटली. या कस्तुरीच्या वासाप्रमाणे माझ्या मुलाची कीर्ती जगात पसरो, अशी दुआ त्यांनी केली. कस्तुरी म्हणजे तुम्ही उर्दूत म्हणता ते मुश्क. ही हकीकत त्या जौहरनेच पुढे लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळते. बादशहाच्या पाहुण्यांची नावे लिहिणारे पुष्कळ असतात. पण त्या दिवशी हाताशी काय होते, ते पाणी घालणाऱ्यालाच ठाऊक!

अकबराचे बालपण धावपळीत गेले. आईबाप इराणकडे निघाले, तेव्हा हे तान्हे मूल काकाच्या ताब्यात मागे राहिले. जानेवारी १५५६ मध्ये हुमायून जिन्यावरून पडून वारले. तेरा वर्षांच्या अकबराला पंजाबातील कलानौर येथे गादीवर बसवले. त्याच वर्षी पानिपतची दुसरी लढाई झाली. ते सारे तुम्ही इतिहासात शिकला आहात, म्हणून मी पुन्हा सांगत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अकबराला लिहिता-वाचता येत नव्हते. तो इतरांकडून पुस्तके वाचून घेई आणि कान देऊन ऐके. ज्याची नजर अक्षरांवर चालत नाही, त्याचे कान आणि नाक तीक्ष्ण होत असतील काय? हे मला कोणत्या पुस्तकात सापडले नाही, पण तसे वाटते खरे.

अकबराच्या दरबारात प्रत्येक कामासाठी वेगळे खाते होते. स्वयंपाकाचे, पाण्याचे, चित्रांचे, हत्तींचे. त्यांतच सुगंधाचे एक खाते होते, खुशबूखाना. तेथे हिशेब ठेवणारे होते, माल पारखणारे होते. ख्वाजा शाह मन्सूर हा एके काळी याच खात्याचा हिशेबनीस होता. आपल्या हुशारीने तो पुढे साम्राज्याचा दिवाण झाला. १५८१ मध्ये फितुरीच्या आरोपावरून त्याला मृत्युदंड झाला. त्याच्याविरुद्धची पत्रे बनावट होती असे नंतर कळले आणि बादशहाला फार हळहळ वाटली. पण तोवर वेळ निघून गेली होती.

खुशबूखान्याची सारी माहिती अबुल फजलने आपल्या आईन-ए-अकबरी या ग्रंथात दिली आहे. तो लिहितो की बादशहाला सुगंध फार आवडत, आणि तो त्यांना नुसता शौक न मानता धार्मिक भावनेने जपत असे. दरबारात रोज सोन्याचांदीच्या धूपदाण्यांत ऊद आणि अंबर जळत असे. काही मिश्रणे जुन्या पद्धतीची होती, काही बादशहाने स्वतः शोधलेली होती. ग्रंथात प्रत्येक मिश्रणाचे प्रमाण तोळ्यांत आणि शेरांत दिले आहे. त्यांतले एक नाव वाचून तुम्ही चकित व्हाल. ते आहे रूहअफ्ज़ा! रमजानमध्ये इफ्तारला तुम्ही जे लाल सरबत पिता, ते मात्र हे नव्हे. अकबराचे रूहअफ्ज़ा म्हणजे ऊद, चंदन, लोबान वगैरे कुटून, गुलाबजलात मळून केलेल्या छोट्या वड्या. त्या धूपदाणीत जाळायच्या. आणखी एक नाव आहे ओपटना. ते अंगाला चोळायचे सुगंधी मिश्रण. ओळखलेत? उर्दूत तुम्ही त्याला उबटन म्हणता आणि तुमचे मराठी शेजारी दिवाळीच्या पहाटे जे लावतात ते उटणे. अबीर हा शब्दही त्या यादीत आहे. पंढरपूरला जाणारे वारकरी अबीर-बुक्का म्हणतात, तोच हा शब्द. एकाच दरबारी यादीतले शब्द किती घरांत जाऊन राहिले पाहा!

आता ऋतूंकडे येऊ. आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीचा उन्हाळा फार कडक. त्या दिवसांसाठी अकबराच्या खुशबूखान्यात अरगजा बनत असे. त्यात चंदन, थोडा कापूर, इतर काही सुगंधी जिन्नस आणि गुलाबजलाच्या ११ बाटल्या पडत. हा लेप अंगाला लावला म्हणजे त्वचा थंड राही. दारांना खसचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडत. गरम वारा त्यांतून आत येताना गार आणि सुगंधी होऊन येई. खसला मराठीत वाळा म्हणतात. उन्हाळ्यात पाण्याच्या माठात जी मुळांची जुडी टाकतात, तोच वाळा. कस्तुरी आणि अंबर बादशहाचे, पण वाळा गरिबाच्या माठातही असतो, म्हणून मला तो या सर्वांत अधिक आवडतो.

अबुल फजलने सुगंधी फुलांची एक यादी केली आणि कोणते फूल कोणत्या ऋतूत फुलते ते समोर लिहिले. मोगरा उन्हाळ्यात, जुई पावसाळ्यात, चमेली पावसाळ्यात आणि काहीशी थंडीतही, नर्गिस वसंतात, केशर शरदात. फुलांपासून तेले काढून ती अंगाला आणि केसांना लावत. म्हणजे बाग कधी काय देते, ते पाहून खुशबूखाना चाले.

त्याने भावही लिहून ठेवले आहेत. गुलाबजलाची बाटली अर्धा ते एक रुपया. काश्मीरचे केशर शेराला ८ ते १२ रुपये. आणि उत्तम अंबर तोळ्याला १ ते ३ मोहरा! मोहर म्हणजे सोन्याचे नाणे. इतका महाग माल म्हटला की लबाडी आलीच. अंबरात मेण मिसळून विकतात, असेही तो सांगतो. अंबर येते कोठून, याविषयी त्या काळी अनेक मते होती. कोणी म्हणे समुद्राच्या तळाशी त्याचा झरा आहे, कोणी म्हणे डोंगरातल्या मधाचे मेण वाहत समुद्रात येते. अबुल फजलने ही मते नोंदवून ठेवली. आज आपल्याला माहीत आहे की अंबर एका जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते.

१५८६ मध्ये काश्मीर अकबराच्या राज्यात आले. तो तेथे १५८९, १५९२ आणि १५९७ असा तीन वेळा गेला. यांपैकी एका सफरीत शरद ऋतूत पांपूरची केशराची शेते फुलली होती. शहजादा सलीम वडिलांबरोबर होता. हाच पुढे जहांगीर झाला. त्याने आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्या उग्र वासाने त्याचे डोके दुखू लागले. त्याने फुले तोडणाऱ्या काश्मिरी मजुरांना विचारले, तुमचे काय होते? तेव्हा कळले की त्यांना जन्मात कधी डोकेदुखी झालीच नव्हती. एक किलो केशरासाठी सुमारे दीड लाख फुले वेचावी लागतात. ज्याला संध्याकाळपर्यंत वाकून फुले वेचायची आहेत, त्याला डोके दुखायला सवड कोठून मिळणार? शहजाद्याने निदान विचारले, हे बरे केले.

अकबराची शेवटची वर्षे दुःखाची होती. १५९९ मध्ये शहजादा मुराद दख्खनमध्ये वारला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. पण त्याच सुमारास सलीमने अलाहाबादला बापाविरुद्ध बंड उभारले. १६०२ मध्ये दख्खनमधून परत येणाऱ्या अबुल फजलचा त्याने वाटेत खून करवला. ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून कबूल केली आहे. ज्या माणसाने चमेली आणि जुईचे ऋतू लिहिले, अंबराचे भाव लिहिले, त्याचा असा शेवट झाला. अकबराला ही बातमी कळली तेव्हा तो शोकात बुडून गेला. १६०५ मध्ये दुसरा मुलगा दानियालही गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आग्रा येथे अकबराचे निधन झाले. मृत्यूपूर्वी बापलेकांचा समेट झाला होता. आग्र्याजवळ सिकंदरा येथे त्याची कबर आहे.

जहांगीर गादीवर बसला. त्याच्या काळात नूरजहाँची आई अस्मत बेगम एकदा गुलाबजल काढत होती. गरम गुलाबजल भांड्यांत ओतले असता त्यावर तेलकट साय जमलेली तिला दिसली. तिने ती थोडीथोडी करून गोळा केली. ते होते गुलाबाचे अत्तर! त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मजलिस दरवळून जाई. जहांगीरने तिला मोत्यांची माळ बक्षीस दिली. पुष्कळ लोक हा शोध नूरजहाँच्या नावावर सांगतात. पण जहांगीरने तो तिच्या आईचा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. वडिलांना हा सुगंध कधी घेता आला नाही, याची खंतही त्याने तेथेच लिहिली आहे. अकबराच्या खुशबूखान्यात गुलाबजलाच्या बाटल्या रांगेने होत्या, पण अत्तराचा हा थेंब नव्हता. अत्तराची पहिली कुपी उघडली तेव्हा तेथे एक वृद्ध बेगम हजर होती. तिने तो वास घेतला आणि त्याला नाव दिले, इत्र-ए-जहांगीरी. ती होती सलीमा सुलतान बेगम, अकबराची विधवा.