अभियंताश्रेष्ठ कै. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

ज्ञातीच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र असावे, ही रीत चांगली आहे. यंदाचे चरित्रनायक आपल्या ज्ञातीचे नव्हेत, जन्माने महाराष्ट्रीयही नव्हेत. परंतु त्यांची विद्या पुण्यात पुरी झाली, उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या चाकरीत गेली आणि खडकवासल्याच्या तलावाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. आपले अनेक तरुण आज स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करीत आहेत. त्यांनी या पुरुषाकडे केवळ मोठाली धरणे बांधणारा म्हणून पाहू नये. भिंतीमागे साठलेल्या पाण्याइतकाच भिंतीखाली राहणाऱ्या माणसांचा विचार करणारा, ही त्यांची खरी ओळख होय.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर १८६१ रोजी झाला. (काही ठिकाणी हे साल १८६० असेही दिलेले आढळते.) वडील संस्कृतज्ञ, घरची स्थिती बेताची, त्यातच पितृछत्र बालवयातच हरपले. बंगळुरात लोकांच्या मुलांना शिकवून या मुलाने आपले शिक्षण चालविले, ही गोष्ट आम्हा शिक्षकांस विशेष भावते. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात दाखल झाले. १८८३ साली स्थापत्याच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून रुजू झाले. पहिली नेमणूक नाशिकास झाली. खानदेशातील पांझरा नदीवरचे काम, सिंधमध्ये सक्करची पाणीपुरवठा योजना, दख्खनच्या कालव्यांवरील ब्लॉक पद्धत, अशी कामे एकामागून एक त्यांच्या हातून पार पडली.

खडकवासल्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. मुठा नदीवरील हा तलाव त्याचे कर्ते कर्नल फाइफ यांच्या नावाने ओळखला जाई. पावसाळ्यात त्याच्या सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. भिंत उंच करावी तर खर्च भारी, आणि जुन्या दगडी भिंतीवर नवा भार टाकणे धोक्याचे. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. पुराच्या दिवसांत सांडव्यावर जी पातळी येते, ती ही भिंत दरवर्षी सोशीतच आली आहे, हे त्यांनी हेरले. म्हणून त्यांनी सांडव्यावर दारे बसविली. त्यामुळे पुरानंतर खाली उतरणारे पाणी सुमारे आठ फूट अधिक उंचीवर अडून राहिले, परंतु भिंतीने पूर्वी कधी पाहिली नव्हती अशी पातळी तिच्यावर आली नाही. ठराविक रेषेच्या वर पाणी चढू लागले की समतोल वजनांच्या योगाने ही दारे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. रात्रीच्या मुसळधार पावसात कोणी पहारेकरी धावत येऊन दार उचलील, या भरवशावर त्यांनी शहर ठेवले नाही. हे काम १९०३ सालचे. पुढे याच धर्तीची दारे कृष्णराजसागरावर व ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही बसली. हे तिग्राचे धरण १९१७ च्या पुरात पायाशी सरकून फुटले होते व पुन्हा बांधावे लागले होते. दारे कितीही चतुर असली तरी पाया कच्चा असेल तर ती काय करणार?

१९०८ साली ते मुंबई सरकारच्या चाकरीतून निवृत्त झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदीस महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस पाचारण केले. आकाशातून बारा-बारा इंच पाऊस कोसळला, हे तर खरेच. पण त्यांनी नदीच्या सगळ्या खोऱ्याचा हिशेब मांडला. वरच्या भागात शेकडो लहान तळी होती. त्यांतील दोनशेंहून अधिक तळ्यांचे बांध फुटले, एकाचे पाणी दुसऱ्यावर आदळले आणि सगळा लोंढा शहरावर आला. म्हणून शहराच्या वरच्या अंगास मुसी व ईसी या नद्यांवर पूर अडविणारे दोन मोठे जलाशय बांधावे, असा सल्ला त्यांनी दिला. उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला.

आज धरणांची वर्गवारी करताना हाच विचार शास्त्राच्या भाषेत मांडला जातो. धरण किती जोखमीचे, हे त्याच्या उंचीवर वा मजबुतीवर ठरत नाही. ते फुटले तर खाली किती माणसे व किती मालमत्ता बुडेल, यावर ठरते. भिंत अगदी सुस्थितीत असली तरी खाली वस्ती वाढली की धरण वरच्या जोखमीच्या वर्गात जाते. स्थितीची तपासणी ही वेगळीच बाब आहे. ज्या दोषांमुळे धरण फुटू शकेल ते पहिल्या वर्गात, ज्यांची तातडीने दुरुस्ती हवी ते दुसऱ्यात आणि किरकोळ दोष तिसऱ्यात धरतात. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. आपल्या राज्यात हे काम पाहणारी संघटना नाशिक येथे आहे. विश्वेश्वरय्यांच्या चाकरीचा आरंभ त्याच गावी झाला, हा योगायोगच म्हणावयाचा.

१९०९ पासून ते म्हैसूरचे चीफ इंजिनियर व १९१२ ते १९१८ दिवाण होते. कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम १९११ साली सुरू झाले, तेव्हा मद्रास सरकारशी पाण्याचा तंटा होता व पूर्ण उंचीस संमती मिळाली नव्हती. तरीही त्यांनी पाया पूर्ण उंचीला पुरेल एवढा रुंद घातला. अरुंद पायावर मागाहून उंची चढविणे त्यांना मान्य नव्हते. दिवाणगिरीतील कारखाने, बँक, विश्वविद्यालय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील एक घटना लिहिताना मन कष्टी होते. खडकवासल्याच्या वर, आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात ते भरू दिले गेले. १२ जुलै रोजी सकाळी ते फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला. सांडव्याची दारे मुठेच्या पुरासाठी होती. वरचे सबंध धरण अंगावर कोसळेल, हे त्यांच्या हिशेबात असणे शक्य नव्हते. पाणी भिंतीवरून वाहू लागले आणि दुपारी ती जुनी भिंतही फुटली. शनवार, नारायण, कसबा या पेठांत दुमजली घरे बुडाली. आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबांच्या घरी त्या दिवसाच्या पाण्याची रेघ पुढे कित्येक वर्षे भिंतीवर दिसत असे. खडकवासल्याची भिंत नव्याने बांधावी लागली.

ज्या तलावावर त्यांनी ऐन चाळिशीत आपली बुद्धी वेचली, त्याचा असा शेवट झाला त्या वेळी विश्वेश्वरय्या हयात होते. त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून बंगळूर येथे त्यांनी देह ठेवला. मुद्देनहळ्ळी या त्यांच्या जन्मगावी त्यांची समाधी आहे.