विलेम आइंटहोवेन

विलेम आइंटहोवेन (२१ मे १८६० – २९ सप्टेंबर १९२७) हे डच वैद्यक व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदयातील विद्युत् बदल अचूकपणे नोंदवणारे तंतू गॅल्व्हानोमीटर हे उपकरण त्यांनी विकसित केले. हृद्विद्युत् आलेखाच्या (ईसीजी) कार्यपद्धतीच्या शोधाबद्दल त्यांना १९२४ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या विषयातील नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे निदान आणि सीटी वा एमआरआय तपासणीत हृदयाचे चित्र टिपण्याची वेळ साधणे, ही दोन्ही कामे आजही त्यांनी नाव दिलेल्या लहरींच्या आधारे केली जातात.

प्रारंभिक जीवन

आइंटहोवेन यांचा जन्म तत्कालीन डच ईस्ट इंडीजमधील (सध्याचे इंडोनेशिया) जावा बेटावर सेमारांग येथे झाला. त्यांचे वडील वैद्यक होते. विलेम सहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. १८७० मध्ये आई सहा मुलांसह नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे स्थायिक झाली. उट्रेख्ट विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असताना व्यायामात त्यांचे मनगट मोडले. त्या काळात त्यांनी हाताच्या हालचालींचा अभ्यास केला आणि कोपराच्या सांध्यावर शोधनिबंध लिहिला. १८८५ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर लवकरच, वयाच्या पंचविशीत, लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आयुष्याच्या अखेरपर्यंत ते तेथेच कार्यरत राहिले.

आलेखाच्या अचूकतेचा प्रश्न

१८८७ मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी लंडन येथे केशिका विद्युत्‌मापकाच्या साहाय्याने मानवी हृदयाचा विद्युत् आलेख प्रथमच नोंदवला. या उपकरणातील पाऱ्याचा स्तंभ संथपणे हलत असल्याने हृदयातील जलद बदल आलेखात विकृत होऊन उमटत. रस्त्यावरील घोडागाड्यांचे हादरेही प्रयोगात व्यत्यय आणत. त्यामुळे आलेखातील दोष उपकरणाचा की हृदयाचा, हे ठरवणे कठीण होते.

आइंटहोवेन यांनी गणिताच्या आधारे ही विकृती दूर केली. मूळ आलेखातील लहरींना ए, बी, सी, डी ही अक्षरे दिलेली असल्याने सुधारित आलेखासाठी १८९५ मध्ये त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे वापरली. पी ही लहर अलिंदांचे उद्दीपन दाखवते, क्यू-आर-एस हा समूह निलयांचे उद्दीपन दाखवतो, तर टी ही लहर निलये पूर्वस्थितीत येत असल्याचे दर्शवते.

दरवेळी गणित करावे लागू नये म्हणून त्यांनी नवे उपकरण तयार केले व १९०१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात शक्तिशाली विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू ताणलेला असे. हृदयातील क्षीण प्रवाहामुळे तंतू हले आणि त्याची छाया प्रकाशचित्रणाच्या पट्टीवर उमटे. सुमारे २७० किलोग्रॅम वजनाचे हे उपकरण चालवण्यास पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवले जात.

अनियमित ठोक्यांचे आलेख

एवढे अवजड उपकरण रुग्णांपर्यंत नेणे शक्य नसल्याने १९०५ मध्ये आइंटहोवेन यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेने रुग्णांचे आलेख प्रयोगशाळेत मिळवले. आज पैठण रस्त्यावरील चितेगावासारख्या ठिकाणी काढलेला आलेख छत्रपती संभाजीनगरातील तज्ज्ञाला भ्रमणध्वनीवर पाहता येतो, त्याचे हे पूर्वरूप होय.

१९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांत अवेळी पडणारे निलयांचे ठोके, पूर्ण हृद्‌रोध आणि पूर्णतः अनियमित नाडी यांचा समावेश होता. अनियमित नाडीचा तो आलेख एट्रियल फिब्रिलेशनचा होता. परंतु त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. या विकारात अलिंदे आकुंचन न पावता केवळ थरथरतात. त्यामुळे पी लहर नाहीशी होते आणि आर लहरी विषम अंतराने येतात. १९०९ च्या सुमारास लंडनमधील थॉमस लुईस यांनी, तसेच व्हिएन्नातील रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी हा संबंध स्पष्ट केला. नोबेल व्याख्यानात आइंटहोवेन यांनी लुईस यांच्या कार्याचा गौरव केला.

हृदयचित्रणातील महत्त्व

हृदय सतत हलत असल्याने सीटी तपासणीत करोनरी धमन्यांचे स्पष्ट चित्र मिळवण्यासाठी हालचाल सर्वांत कमी असलेला क्षण निवडावा लागतो. मिनिटाला ६० ठोके असतील तर दोन आर लहरींमध्ये एक सेकंदाचे अंतर असते. आर लहरीपासून मोजून हा क्षण ठरवतात आणि अनेक यंत्रांत लागोपाठच्या ठोक्यांतील भाग जोडून चित्र तयार होते. ठोके अनियमित असल्यास प्रत्येक भाग हृदयाच्या वेगळ्या अवस्थेत टिपला जातो. परिणामी धमनी पायरीसारखी तुटलेली किंवा अस्पष्ट दिसते. अशा ठिकाणी नसलेले अरुंदीकरण असल्याचा भास होऊ शकतो किंवा असलेले अरुंदीकरण नजरेतून सुटू शकते. एमआरआयमध्येही अनेक ठोक्यांची माहिती एकत्र केली जात असल्याने चित्र पुसट होते. प्रतिध्वनी तपासणीत (इकोकार्डिओग्राफी) एका ठोक्यावरून काढलेले मापन फसवे ठरू शकते. म्हणून अनेक ठोक्यांची सरासरी काढतात.

यावर उपाय म्हणून योग्य रुग्णांत औषधाने ठोक्यांची गती कमी करणे, अवेळी पडलेल्या ठोक्याची माहिती वगळणे आणि एकाच ठोक्यात संपूर्ण हृदय टिपणारी यंत्रे वापरणे या पद्धती रूढ आहेत. तरीही एखादा भाग अस्पष्ट राहिल्यास तो निरोगी किंवा रोगट न ठरवता परीक्षणयोग्य नाही, अशी नोंद करणे आवश्यक असते. उपकरणाचा दोष आणि हृदयाचा दोष यांत फरक करण्याचा आइंटहोवेन यांच्यापुढील प्रश्न या रूपात आजही कायम आहे.

निधन

आइंटहोवेन यांचे लायडन येथे वयाच्या ६७ व्या वर्षी निधन झाले. जवळच्या उख्स्टखेस्ट येथे त्यांचे दफन करण्यात आले.