रेव्हरंड ना. वा. टिळक : उपासनागीताचा मराठी घाट

मराठी ख्रिस्ती काव्याची परंपरा फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराणा’पर्यंत मागे जाते. तथापि एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या आश्रयाने जी मंडळी उभी राहिली, तिच्या सामुदायिक उपासनेवर भाषांतरित स्तोत्रांचा व पाश्चात्त्य चालींचा मोठा पगडा होता. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रयोग झाले होते. परंतु त्यांमागील प्रधान हेतू धर्मप्रसाराचा होता. कीर्तनपरंपरेचा हा घाट प्रत्यक्ष प्रार्थनेची भाषा झाला तो मुख्यत्वे नारायण वामन टिळक यांच्या रचनांतून.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचे अध्ययन, शीघ्रकवित्व आणि अस्थिर उपजीविका यांत त्यांचे तारुण्य गेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला, आणि त्याच्या वाचनातून सुरू झालेल्या मंथनाची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेल्या बाप्तिस्म्यात झाली. या निर्णयाची किंमत संसाराला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परतल्या व १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या कालखंडाचे चित्रण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आढळते.

अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर येथील कार्यात अध्यापक, १९०४ पासून दीक्षित धर्मोपदेशक आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक अशा नात्यांनी टिळक वावरले. याच काळात त्यांची अभंग-भजने आकाराला आली. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या मार्गाने, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांच्या गीतांतील ख्रिस्त हा माउली, सखा व गुरू या नात्यांनी अवतरतो. भक्तिपरंपरेचे हे ऋण केवळ चालींपुरते किंवा छंदापुरते उरत नाही; देव आणि भक्त यांच्यातील नात्याची कल्पनाच त्या परंपरेतून येते.

या भूमिकेची तार्किक परिणती १९१७ साली दिसून आली. मिशनचा पगार सोडून टिळकांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले ख्रिस्तभक्त ज्यात एकत्र येतील, असा हा बंधुसंघ त्यांना अभिप्रेत होता. चर्चच्या सीमारेषेलाच आव्हान देणारा हा विचार मूळ धरण्यापूर्वी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले व दरबार ओसरला. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

गीते मात्र ‘उपासना संगीत’द्वारे मंडळीच्या नित्य उपासनेत रुजली. ज्या संस्थात्मक चौकटीबाहेर कवी अखेरीस पडला, तिनेच त्याचे शब्द जतन केले. टिळकांच्या ‘फुलामुलांचे कवी’ या प्रतिमेपुरते थांबणाऱ्या अभ्यासकाने हा विरोधाभास, आणि त्यातून उलगडणारा मराठी भक्तिकाव्याचा विस्तार, अवश्य लक्षात घ्यावयास हवा.