विश्लेषण : एक्स्टेंशन बोर्ड का तापतो? उत्तर १८४५ मधील एका विद्यार्थ्याच्या वहीत

एकाच एक्स्टेंशन बोर्डावर इस्त्री, इंडक्शन शेगडी आणि हीटर लावला की वायर तापते. यामागचे गणित गुस्ताफ किरचॉफ यांनी वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी मांडले.

किरचॉफ कोण होते?

१२ मार्च १८२४ रोजी प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. हे शहर आज रशियात असून कॅलिनिनग्राड म्हणून ओळखले जाते. तिथल्याच विद्यापीठात ते फ्रान्झ नॉयमान यांच्याकडे शिकत होते. ओहमचा नियम १८२७ पासून माहीत होता, पण वाटा फुटल्यावर विद्युतधारा कशी विभागते, याची सर्वसाधारण रीत नव्हती. किरचॉफ यांचा १८४५चा निबंध मुळात धातूच्या पातळ पत्र्यातून वाहणाऱ्या धारेवर होता. ज्या नियमांनी ते अजरामर झाले, ते त्यांनी चक्क शेवटी पुरवणी म्हणून जोडले!

नियम काय सांगतात?

जोडबिंदूपाशी जेवढी धारा येते, तेवढीच बाहेर पडते. आणि बंद वळशात विभवांतरांची बेरीज शून्य होते. समजा, १२ व्होल्टच्या बॅटरीला ४ आणि ६ ओहमचे रोध समांतर जोडले. दोघांनाही पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. पहिल्यातून १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर, दुसऱ्यातून २. बॅटरीला द्यावे लागतात ५ अँपिअर. म्हणजे परिणामी रोध १२ भागिले ५, अर्थात २.४ ओहम. दोन्हींपेक्षा कमी! विद्यार्थी इथेच गोंधळतात. पण नवा रोध म्हणजे धारेला नवी वाट. १२ ओहमचा तिसरा रोध जोडला, तर एकूण धारा ६ अँपिअर होते. बोर्डावरही प्रत्येक उपकरण अशीच एक वाट उघडते आणि सगळ्यांची धारा एकाच वायरमधून येते. म्हणूनच फ्यूज हवा.

पुढे काय झाले?

१८५४ मध्ये ते हायडेलबर्गला गेले. तिथे रॉबर्ट बुन्सेन यांच्यासह वर्णपटाच्या अभ्यासातून त्यांनी सिझियम आणि रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली. एका अपघातात पायाला इजा झाल्याने त्यांना कुबड्या आणि चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तरी अध्यापन थांबले नाही. १८७५ मध्ये ते बर्लिनला प्राध्यापक झाले आणि १७ ऑक्टोबर १८८७ रोजी तिथेच निवर्तले. त्यांच्या जागी पुढे मॅक्स प्लांक आले. तापलेल्या वस्तूंच्या प्रारणाविषयी किरचॉफ यांनी विचारलेला प्रश्न प्लांक यांनीच १९०० मध्ये सोडवला.