खलिफाच्या घरची ईद

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की घराघरांत कपड्यांचा विषय निघतो. मुलांना नवे जोड हवे असतात आणि महिन्याचा पगार तोवर किराण्यात, भाड्यात संपलेला असतो. अशाच एका घरची कथा मुस्लिम समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ईद तोंडावर आली आणि मुलांना घालायला नवे कपडे नाहीत. वडिलांनी खजिनदाराकडे पुढच्या महिन्याच्या पगाराची उचल मागितली. खजिनदाराने उलट विचारले की, आपण महिनाभर जगाल याची हमी देता का? वडील गप्प झाले, उचल न घेता परतले. मुलांनी जुनेच कपडे धुऊन ईद केली. हे घर होते दमास्कसच्या खलिफाचे. सिंधपासून स्पेनपर्यंत त्यांचे राज्य पसरलेले होते.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज हे उमय्या घराण्यातले. वडील अब्दुल अजीज वीसेक वर्षे इजिप्तचे सुभेदार होते. आई दुसरे खलिफा हजरत उमर यांची नात. हजरत उमर रात्री वेष पालटून मदिनेत फिरत. एका घरात आई मुलीला दुधात पाणी घालायला सांगत होती आणि मुलगी नकार देत होती. खलिफा पाहत नसले तरी अल्लाह पाहतो, असे त्या मुलीचे म्हणणे. हजरत उमर यांनी तिला आपली सून करून घेतले. ही गवळ्याघरची पोर उमर बिन अब्दुल अजीज यांची आजी.

तरुणपणी मात्र त्यांच्यात आजीपेक्षा सुभेदाराच्या घरचा थाट अधिक होता. रस्त्याने गेले की अत्तराच्या वासावरून लोक ओळखत. त्यांच्या चालण्याची ऐट पाहून मुली तसे चालायला शिकत, असेही लिहून ठेवले आहे. 706 ते 712 या काळात ते मदिनेचे सुभेदार होते. तिथे त्यांनी दहा विद्वानांचे मंडळ नेमले आणि त्यांच्या सल्ल्याने कारभार केला. पत्नी फातिमा यांचे आजोबा, वडील आणि भाऊ खलिफा. त्यापेक्षा मोठे सासर त्या काळी कोणते असणार!

717 साली खलिफा सुलेमान यांचे दाबिक येथे निधन झाले आणि मोहोरबंद पत्रातून उमर यांचे नाव निघाले. शाही घोडे दारात आले. ते परत पाठवून ते आपल्याच खेचरावर बसले. मग खरे काम सुरू झाले, तेही स्वतःच्या घरापासून. आपल्या वाट्याला आलेल्या जहागिरी त्यांनी बैतुलमालमध्ये, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात, जमा केल्या. बेगम फातिमा यांच्याकडे वडिलांनी दिलेले मौल्यवान रत्न होते. दागिने किंवा पती, यातले एक निवडायला सांगितल्यावर त्यांनी दागिने खजिन्यात पाठवले. इतिहासकार सांगतात की खलिफा होताना उमर यांचे वार्षिक उत्पन्न चाळीस हजार दिनार होते आणि मृत्यूसमयी चारशे उरले होते. आकड्यांत मतभेद आहेत, उताराबद्दल नाहीत.

नातलगांची तनखे बंद झाली तेव्हा खरी ठिणगी पडली. काहीही काम न करता, केवळ राजघराण्यात जन्मल्याबद्दल या मंडळींना वर्षानुवर्षे रकमा मिळत होत्या. त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या आत्याला रदबदलीसाठी पाठवले. आत्या आल्या तेव्हा पुतण्यापुढे भाकर, मीठ आणि तेल एवढेच होते. त्यांना उमर यांनी नम्रपणे, पण ठाम नकार दिला.

हा पैसा येत कुठून होता? कूफ्याच्या सुभेदाराला पाठवलेल्या आदेशात उमर यांनी बंद केलेल्या वसुलीची जंत्रीच आहे. नवरोज आणि मेहरजान या सणांना रयतेकडून घेतल्या जाणाऱ्या भेटी, अर्जाच्या कागदाचे पैसे, निरोप्याची दक्षिणा, घरभाड्यावरची पट्टी, लग्नावरचे दिरहम. एकेक रक्कम किरकोळ, पण हातावर पोट असलेल्या घराला तीच जड जाते. शिवाय जे इस्लाम स्वीकारत त्यांच्याकडूनही महसूल बुडू नये म्हणून जिझिया घेतला जाई. तोही थांबवला. खजिना रिकामा होईल अशी अधिकाऱ्यांची कुरकुर होती; प्रेषितांना करवसुलीसाठी पाठवलेले नव्हते, असा उमर यांचा पवित्रा होता.

इथे एक गोष्ट अनेकदा सांगायची राहून जाते. त्यांनी सुभेदारांचे वेतन कमी केले नाही, उलट भरपूर ठेवले. पोटाची चिंता मिटली की माणूस रयतेच्या पैशाला हात लावणार नाही, असा त्यांचा हिशेब. काटकसर त्यांनी स्वतःवर आणि काम न करणाऱ्या नातलगांवर लादली.

मुलींनी मात्र त्याची झळ सोसली. एकदा त्या वडिलांशी बोलताना तोंडावर हात धरू लागल्या. घरात डाळ आणि कांद्याशिवाय काही नव्हते, तोंडाला वास येऊ नये म्हणून. हे कळले तेव्हा खलिफांना रडू कोसळले.

शेवटच्या आजारात मेहुणे मस्लमा भेटायला आले. अंगातला मळका सदरा पाहून बहिणीला तो धुवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी तोच मळका सदरा. तेव्हा बेगम फातिमा यांनी सांगितले की दुसरा नाहीच.

720 साली, चाळिशीच्या आसपास, दैर सिमआन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर विषप्रयोग झाल्याचे जुने ग्रंथ सांगतात. कबरीची जागा तिथल्या ख्रिस्ती मालकाकडून त्यांनी पैसे मोजून घेतली होती. कारभार उणीपुरी अडीच वर्षांचा. नंतर आलेल्या यझीद यांनी बऱ्याच गोष्टी पूर्ववत केल्या. बहीण फातिमा यांना दागिने परत देऊ केले, पण पतीच्या हयातीत दिलेले त्यांच्या पश्चात घेणार नाही, असे म्हणून त्यांनी हात मागे घेतला. तीस वर्षांनी अब्बासी सत्तेवर आले आणि त्यांनी उमय्यांच्या कबरी उकरल्या. उमर बिन अब्दुल अजीज यांच्या कबरीला मात्र कोणी हात लावला नाही.