फोन 'एंगेज' का लागतो? याचं गणित मांडणाऱ्या डॅनिश मास्तरांची गोष्ट!

संध्याकाळी सगळ्या घरानं एकदम व्हिडिओ लावले की नेट रांगायला लागतं. वायर तीच, राउटरही तोच, मग होतं काय? होते ती गर्दी. आणि गर्दीचं गणित करणारा माणूस इंटरनेट जन्मण्याच्या कितीतरी आधी कोपनहेगनमध्ये होऊन गेला.

आग्नर क्रारुप एर्लांग. जन्म १ जानेवारी १८७८, डेन्मार्कमधल्या एका खेड्यात. वडील शाळामास्तर. पोरगं एवढं हुशार की विद्यापीठाची प्रवेश परीक्षा १४ व्या वर्षी खास परवानगी काढून दिली आणि उत्तम गुणांनी पासही झालं. १९०१ मध्ये गणिताची पदवी घेऊन एर्लांग स्वतः मास्तर झाले. पुढे गणिताच्या मंडळात त्यांची ओळख कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनिअर योहान येन्सन यांच्याशी झाली (गणितातली 'येन्सनची असमानता' यांचीच बरं का!). १९०८ मध्ये एर्लांग त्याच कंपनीत रुजू झाले.

प्रश्न पैशाचा होता. तारा कमी टाकल्या तर गिऱ्हाईक चिडणार, जास्त टाकल्या तर खर्च बुडीत. मग टाकायच्या किती?

समजा एका एक्स्चेंजला ५ लाइनी आहेत. तासाला सरासरी ४० फोन येतात आणि प्रत्येक ३ मिनिटं चालतो. एर्लांग यांच्या सूत्राने १०० पैकी साधारण ४ जणांना लाइन मिळत नाही. आता फोन दुप्पट करा, ८०. आकडा ८ व्हायला हवा ना? होतो जवळजवळ २०! गर्दी दुप्पट, त्रास पाचपट. हे सूत्र त्यांनी १९१७ मध्ये छापलं. लाइन मोकळी होईपर्यंत ताटकळणाऱ्यांचं सूत्रही त्यातच होतं.

पण हा माणूस नुसता कागदावरचा नव्हता. सुरुवातीला मोजमापाला हाताखाली कोणी नसे, तेव्हा शिडीवाल्या कामगाराला घेऊन ते स्वतः रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचे. लग्न केलं नाही, कामावर फारसे आजारीही पडले नाहीत. १९२९ मध्ये पोटाच्या ऑपरेशननंतर ते गेले. वय अवघं ५१.

इंटरनेटला मात्र त्यांचं सूत्र जसंच्या तसं लागू पडत नाही. टेलिफोनवाला लाइन नसली की सरळ नकार देतो. इथे पॅकेट रांगेत उभं राहतं, रांग भरली की फेकलं जातं आणि पाठवणारा ते पुन्हा पाठवतो, म्हणजे गर्दीत आणखी भर! ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेत असंच झालं. जेमतेम ४०० यार्डांच्या अंतरावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी बीएसडी युनिक्सच्या कर्नलमध्ये दुरुस्ती केली : पॅकेट हरवलं की गर्दी समजायची आणि पाठवणाऱ्यानेच हात आखडता घ्यायचा. आजच्या लिनक्समधलं 'क्युबिक' त्याच घराण्यातलं. गूगलचं 'बीबीआर' वेगळ्या वाटेनं जातं. ते पॅकेट हरवायची वाट न बघता मार्गाचा वेग किती आणि पॅकेटला जाऊन-यायला कमीत कमी वेळ किती लागतो याचा अंदाज घेतं.

१९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला 'एर्लांग' नाव मिळालं : एक लाइन सलग तासभर व्यग्र म्हणजे १ एर्लांग. पुढे एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेलाही हेच नाव दिलं. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेत लिहिले गेले.