उपदेश पारखून घेणाऱ्या रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव मी शाळेत ऐकले ते शारदा सदनामुळे. यंदा त्यांचे चरित्र व पत्रव्यवहार वाचला, तेव्हा त्यांची एक सवय माझ्या मनात ठसली : धर्मोपदेश कोणाचाही असो, मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्याविना तो मानायचा नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. संस्कृत त्या आईकडून शिकल्या. पुढे दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले. तेथे स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रे अभ्यासली. त्यांतील स्त्रीचे स्थान पाहून त्यांची श्रद्धा डळमळली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण सवय सुटली नाही. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व या विषयांवर त्यांनी सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घातला. परका देश, पदरी लहान मूल, आणि वाद आश्रयदात्यांशीच! तरी केवळ चर्च सांगते म्हणून त्या कोणतेही मत मानीनात. त्याला बायबलचा आधार हवा.

पुढे हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. १८५१ मध्ये स्वतःचेच प्रवचन करता करता त्याचे मनःपरिवर्तन झाले होते. ते वाचून रमाबाईंनी तीच कसोटी स्वतःला लावली. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलाच नाही, असे त्यांना आढळले.

यानंतर त्यांची श्रद्धा उत्कट झाली. त्यांच्या प्रार्थनेला सदनातील मुली बसू लागल्या. संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन दिले होते. म्हणून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी संबंध तोडले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मला पालकांची तक्रार अगदीच निराधार वाटत नाही. मात्र दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंना अप्रामाणिक वाटले असावे, हेही मी समजू शकतो.

केडगावला त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जी पारख त्यांनी आयुष्यभर केली, ती साध्या बाईलाही करता यावी, यासाठीच हा खटाटोप, असे मी मानतो. परीक्षेपुरत्या नोट्स पाठ करणाऱ्या माझ्यासारख्याला एवढे ध्यानी आले तरी पुष्कळ झाले.